तुळसाला पाजलेलं पाणी

कळव्याच्या पलीकडं, खाडीला लागून मिठागरवाल्यांचं एक गाव होतं. मीठ मुबलक, पण प्यायला एकच तळं, आणि त्याचं पाणीही जरा खारटच. पिढ्यान्‌पिढ्या तेच पिऊन लोक मोठे झालेले, त्यामुळं पाण्याला तीच चव असते असं सगळे धरून चालत. बांधाच्या दुसऱ्या अंगाला किरिस्तावांची वाडी होती आणि वाडीत गोड्या पाण्याची जुनी विहीर. तिकडं गावातलं कुणी फिरकत नसे. फिरंग्यांच्या राज्यात म्हणे पाद्र्यानं विहिरीत पाव टाकला, लोक नकळत पाणी प्याले आणि अख्खी वाडी बाटली. ही गोष्ट सांगण्यात गावातल्या धाकूचा हात धरणारा कुणी नव्हता. ऐकली होती आज्याकडून, पण सांगायचा असा, की पाव टाकला तेव्हा हा तिथंच काठावर बसलेला असावा.

त्या साली चैत्रात पटकी आली. सकाळी धडधाकट असलेलं माणूस उलट्या-जुलाबांनी संध्याकाळपर्यंत चिपाड होई. गावानं जरीमरीला कोंबडे दिले, वेशीवर नारळ फोडले. पटकी काही हटेना. वाडीत मात्र एकालाही ती शिवली नव्हती, आणि हे सगळ्यांना दिसत होतं. दिसत असूनही बोलायचं नाही, ही आपल्या माणसांची जुनी खोड.

वाडीतल्या बर्नाडेटला ते बघवेना. बाई विधवा, जिभेला तिखट. तिनं आपल्या लोकांच्या मागं लागून कुंभाराकडून कोरी मडकी आणवली, म्हणजे भांड्यांवरून तरी कुणी नाक मुरडायला नको. रोज सकाळी ती भरून वाडीतली माणसं बांधावर ठेवून जात. जेरोम आणि लिनो हे तिचे दीर कुरकुरत, पण खांद्यावरून मडकी वाहत. कुणी कुणाला शिवायचं नाही, बोलायचं नाही, फक्त पाणी न्यायचं. इतकी साधी सोय होती.

पहिल्या दिवशी त्यातलं पहिलं मडकं लाथेनं फोडलं ते धाकूनं.

"आज मडकी ठेवतील, उद्या पाव ठेवतील," तो म्हणाला. गावानं मान डोलावली. धाकूला वाटलं, आपण गाव राखलं. मग एक दिवस त्याच्या बायकोला, तुळसाला, मिठाच्या आगरावरून येता येता वाटेतच पहिली उलटी झाली.

दुपारपर्यंत तिचे डोळे खोल गेले, हातापायांना पेटके येऊ लागले. ती पाणी मागे, धाकू तळ्याचं पाजे, आणि ते पोटात ठरत नसे. त्याच्या हातांनी आजवर मिठाचे डोंगर ओढले होते, पण आता त्या हातांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. शेवटी त्याचा धीर सुटला. तांब्या पदराआड धरावा तसा धोतराच्या सोग्याखाली धरून तो बांधावर गेला आणि एका मडक्यातलं पाणी घेऊन आला. कुणी पाहिलं नाही.

तुळसानं एक घोट घेतला आणि थुंकून टाकला.

"गोड लागतंय," ती म्हणाली. "त्यांच्या विहिरीचं हाय. मना नको."

"अगं, पी. जीव चाललाय तुझा."

"जाऊ दे. तुमीच सांगलं ना, ते पानी पिलं का मानूस बाटतं?"

तिनं दात घट्ट मिटून घेतले. धाकूला स्वतःच्या जिभेचा असा संताप कधी आला नव्हता. उभ्या जन्मात या बाईनं त्याचं एकही म्हणणं धड ऐकलं नव्हतं, आणि ऐकायचं ते नेमकं हेच ऐकून बसली होती. तो चुलीपाशी गेला, मिठाची चिमूट तांब्यात टाकली, बोटानं ढवळलं, चाखून पाहिलं. हुबेहूब तळ्याची चव आली.

"हे घे. तळ्यावरून आणलंय."

ती प्याली. "हां, हे आपलं," म्हणाली आणि त्याच्याकडं पाहून हसली. धाकूनं तोंड फिरवलं. तो घोट-घोट पाजत राहिला, आणि ती विश्वासानं पीत राहिली. पण फार उशीर झाला होता. दिवस मावळायच्या आत तुळसा गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिरडी बांधली. काळुराम हा गावचा म्होरक्या. त्याची आई आदल्या दिवशी धाकूच्या घरी आली होती, तेव्हा तिनं तुळसाला पाणी थुंकताना कुडाआडून पाहिलं होतं. पुढचं पाहायला ती थांबली नव्हती. काळुरामनं चारचौघांत हात जोडले.

"बाय असावी तं अशी! मेली, पन त्यांच्या पान्याला तोंड नाय लावलं."

माणसं गहिवरली. मागं धाकूचा पुतण्या रघु उभा होता. त्याची बायको जया पहाटेपासून ओकत होती. हातात रिकामी घागर घेऊन तो निघालाच होता बांधाकडं, हे धाकूनं ओळखलं. काळुरामचं बोलणं ऐकून रघुनं घागर खाली ठेवली. "काकीनं जीव दिला," तो पुटपुटला, "मंग आमी कोन?"

धाकूनं त्या घागरीकडं पाहिलं. गप्प राहिलं तर तुळसाला चार खांदे मिळतील, मान मिळेल, आणि जया मरेल. बोललं तर बाटलेल्या बाईच्या तिरडीला या गावात कोण हात लावणार? तिच्या चेहऱ्याकडं बघवेना. ती तर काही न समजता गेली होती.

"तिनं पिलं," तो म्हणाला. कुणाला ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा ओरडला, "त्यांच्याच विहिरीचं पिलं! मी पाजलं, फसवून पाजलं. आधी पाजलं असतं तं जगली असती. रघ्या, जा तू!"

काळुरामनं तिरडीवरचा हात काढून धोतराला पुसला. मग एकेक जण मागं सरला आणि आपापल्या घराची वाट धरू लागला. रघु तेवढा घागर उचलून बांधाकडं पळत सुटला. कुणी त्याला अडवलं नाही. त्याच्या मागोमाग आणखी एक बाई, डोक्यावरचा पदर पुढं ओढून, कळशी घेऊन निघाली.

अंगणात धाकू आणि तुळसा दोघंच उरली. उन्हं वर आली. एकट्यानं तिरडी उचलता येत नाही हे ठाऊक असूनही त्यानं एकदा बांबूला हात घालून पाहिलं, आणि मग मटकन खाली बसून लहान पोरासारखा रडला.

रघुनं बांधावर वाडीतल्या कुणाला सांगितलं असावं. बर्नाडेट आली, मागं जेरोम, लिनो आणि वाडीतले आणखी दोघं. ती अंगणाच्या कडेलाच थांबली.

"आमी हात लावला तं चालंल का?"

धाकूला मान वर करवेना. ज्या पायानं मडकं फोडलं तो त्यानं पोटाशी ओढून घेतला आणि कसाबसा होकार दिला.

जेरोमनं डोक्याचं मुंडासं नीट केलं. चौघांनी तिरडी खांद्यावर घेतली. मग जेरोम अडखळला.

"धाकूदादा, तुमचं मसन आमाला ठाव नाय. वाट तुमी दाखवा."

धाकूनं तिरडीपुढं न्यायचं विस्तवाचं मडकं उचललं आणि तो पुढं झाला.