डाव्या आरशाचं काय झालं

गाडीच्या डाव्या बाजूला सकाळी नसलेल्या चार गोष्टी होत्या. आरशाच्या जागी लोंबणाऱ्या दोन वायरी. वायरींच्या टोकाला आरशाचं काळं कवच, त्यात काचेचा एक तुकडा. दारावर वीतभर ओरखडा, त्याला पिवळा रंग लागलेला. आणि कवचाच्या चिरेत अडकलेला एक निळा दोरा.

काका गाडी दुकानासमोर लावून मागचे कापडाचे गठ्ठे उतरवत होते. काकूने आधी पाहिलं.

"आरसा कुठे ठेवून आलात?"

"कुठला आरसा?" काका म्हणाले आणि पुढे येऊन बघतच राहिले.

काका-काकूंचं पडद्यांचं दुकान आहे. माझी शेवटची परीक्षा झाल्यापासून मी तिथे मदतीला जाते. काका त्या दिवशी एका डॉक्टरांच्या घरी पडदे लावून परत आले होते.

"कुणीतरी उभ्या गाडीला ठोकलं असणार," काका म्हणाले.

"उभी होती कधी?" मी विचारलं. "तिथून निघताना आरसा होता?"

"होता. त्यात बघूनच तर गाडी मागे घेतली."

"मग वाटेत काही आवाज?"

"काही नाही."

"पुलावरून आलात की शाळेमागून?"

काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. "पुलावरून," ते म्हणाले. मग, "नाही, शाळेमागून. अगं, मी इथे पोचलो ना? म्हणजे कुठून तरी आलोच असेन."

पंचवीस वर्षं या गावात गाडी चालवणारा माणूस हे म्हणत होता.

"फोनवर होतात?" काकूने विचारलं.

"नवीन गिऱ्हाईक होतं. पण फोन हातात नव्हता हं, स्टँडवर होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे समोर."

"काय म्हणालं गिऱ्हाईक?" मी विचारलं.

यावर मात्र ते अडखळले नाहीत. "हॉलच्या दोन खिडक्या, बहात्तर बाय चोपन्न. बेडरूमची एक, अठ्ठेचाळीस बाय चोपन्न. बाल्कनीचं दार चौऱ्याऐंशी उंच. रंग राखाडी हवा, पण उदास राखाडी नको."

"बघ," काकू मला म्हणाली. "माझा वाढदिवस सांगायला यांना कॅलेंडर लागतं. लोकांच्या खिडक्या तोंडपाठ."

मी हसले. काका हसले नाहीत. त्यांनी चिरेतला दोरा ओढून काढला होता आणि तो बोटांत फिरवत होते.

"पडद्याचाच असेल," काकू म्हणाली.

"आपला नाही. आपला पॉलिएस्टरचा असतो. हा सुती आहे, धुऊन धुऊन विटलेला." ते गठ्ठ्यावर खाली बसले. "हा कुणाच्या तरी अंगावरचा आहे गं."

काकूने पाणी आणलं, ते त्यांनी घेतलं नाही.

"मी कुणाला तरी उडवलं आणि मला पत्ताच नाही, असं होऊ शकतं का?" त्यांनी मला विचारलं. "तू सायन्स शिकलीस ना."

उजेड डोळ्यात शिरतो, डोळ्यातल्या पडद्यावर प्रतिमा उमटते, हे मी शिकले होते. प्रतिमा उमटूनही माणसाला ती दिसली नाही तर ती जाते कुठे, हे मला सांगता येईना. "जाऊन बघू," मी म्हणाले. "दोन्ही रस्ते."

गाडी मी घेतली. काका मागे उरलेल्या गठ्ठ्यांमध्ये बसले, त्यांचा फोन काकूच्या पर्समध्ये गेला आणि काकू माझ्या डावीकडे बसून आरशाचं काम करू लागली. "सायकल आली. गेली. आता कुत्रा. थांब, त्याचं अजून ठरत नाहीये."

पुलाचे कठडे पांढरे होते. त्यांवर नवा ओरखडा नव्हता. पूल उतरताना पर्समध्ये फोन वाजला आणि मागून काकांचा हात आपोआप पुढे आला. काकूने त्यावर चापट मारली. "तेच गिऱ्हाईक असेल. त्यांना आणखी एक खिडकी सापडली असेल."

वळसा घालून शाळेमागच्या रस्त्याला लागलो. तिथल्या वळणावर एक पिवळा खांब आहे. खांबाच्या बुंध्याशी काचा चमकत होत्या.

"थांब," काका म्हणाले.

खांबाला लागूनच, किंचित मागे, एक बाक होता. बाकावर मोजे विकणाऱ्या एक बाई बसल्या होत्या. मांडीवर निळी कापडी पिशवी, तिची फाटलेली बाजू त्या सेफ्टी पिनांनी जोडत होत्या. गाडी बघून त्यांनी मान वर केली.

"आलात का परत!"

"तुम्हाला लागलं का हो?" काका मागून उतरता उतरताच म्हणाले.

"मला नाही, पिशवीला लागलं. खांबाच्या या हुकाला टांगलेली होती. मोजे सगळे रस्त्यावर. एका जोडीतला एकच सापडलाय, आता तो लंगड्याला विकू की काय?"

"तुम्ही इथेच होतात? मला तुम्ही दिसलाच नाहीत."

"असं कसं?" बाई काकूकडे बघून म्हणाल्या, जणू ती साक्षीदार होती. "माझ्याकडे बघून मान हलवलीत की! हसलातसुद्धा. मला वाटलं, ओळखीचे दिसतायत, म्हणून मीही हात केला. तर तुम्ही गाडी माझ्याच अंगावर घातलीत. ओरडले, तरी थांबला नाहीत."

काका काकूकडे बघत राहिले. "उदास राखाडी," ते हळूच म्हणाले. "ते गिऱ्हाईक तसं म्हणालं ना, तेव्हा हसलो मी."

मग ते गाडीत जाऊन बसले, चालकाच्या जागेवर. मला ती थोडी मागे, वळणाच्या अलीकडे ढकलायला लावली आणि काचेतून समोर बघितलं. बराच वेळ बघितलं.

"इथून सगळं दिसतंय," ते म्हणाले. "खांब, बाक, बाई. पिशवीवरच्या पिनासुद्धा दिसतायत." आणि पुन्हा, मलाच विचारल्यासारखं, "मग?"

काका उतरले. त्यांनी कमरेची टेप काढली. आरसा जिथे बसवलेला असतो, तिथपासून जमिनीपर्यंत साडेएकेचाळीस इंच. खांबावरचा नवा ओरखडा, साडेएकेचाळीस इंच.

"बाई," काका म्हणाले, "तेव्हा जशा बसला होतात, तशाच बसता का जरा?"

"आता फोटो काढताय की काय?" म्हणत बाई सरकून खांबाजवळ बसल्या.

काकांनी टेपचं एक टोक ओरखड्यावर धरायला मला दिलं आणि दुसरं बाईंच्या खांद्यापर्यंत नेलं. एकदा मोजलं. दुकानात ते नेहमी म्हणतात, दोनदा मोजल्याशिवाय कात्री हातात घ्यायची नाही. त्यांनी टेप गुंडाळली, पुन्हा उलगडली, पुन्हा मोजलं.

दोन्ही वेळा साडेसात इंच भरलं.