तिथीची रिकामी चौकट

सव्वासहा वाजून गेले तरी गुंडो अण्णांचा मेसेज आला नव्हता.

मी पलंगावर बसून फोनकडे बघत होते. आदल्या दिवशीचा ताप उतरला होता, पण तोंड कडू होतं आणि पायांत बळ नव्हतं. सहा वीस. सहा पंचवीस. चौदा महिन्यांत हा माणूस पाच मिनिटांनीही चुकला नव्हता. त्यात स्क्रीनवर रात्री नऊचा त्यांचा मिस्ड कॉल दिसला. मी गोळी घेऊन, फोन सायलेंटवर टाकून झोपले होते.

राजाजीनगरला अंध मुलींचं एक वसतिगृह आहे. तिथे मी देणगीदारांचं काम बघते. म्हणजे त्यांच्या घरी कॉफी पिते, वाढदिवस लक्षात ठेवते, नातवंडांचे फोटो बघून 'किती गोड' म्हणते आणि वेळ बघून मृत्युपत्राचा विषय काढते. आमचे रविकिरण सर नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात, "देणगी मागू नका, नातं जोडा. देणगी मागोमाग येते." मला या वाक्याची चीड येते, कारण ते खरं आहे.

अण्णा चामराजपेटेतले, वय एक्क्याऐंशी, सरकारी कचेरीतून निवृत्त. त्यांचे पूर्वज शहाजीराजांच्या काळात इकडे कन्नड मुलखात आले आणि इकडचेच झाले. बायको अहल्याक्का सहा वर्षांपूर्वी गेल्या, मूलबाळ नाही. राहतं घर त्यांनी मृत्युपत्रात आमच्या वसतिगृहाला दिलं. अट एकच घातली. अण्णा गेल्यावर त्यांच्या तिथीला दर वर्षी मुलींना गोडाचं जेवण द्यायचं. श्राद्ध करणारं मागे कुणी नव्हतं, तेव्हा मुलींनी पोटभर जेवावं, एवढंच त्यांना हवं होतं.

फॉर्म भरताना मी तिथीच्या चौकटीपाशी अडले.

"तिथी, अण्णा?"

"कुणाची?"

"तुमची. म्हणजे... त्या दिवशीची."

"ती आत्ता कशी सांगू?" ते हसले. "स्वल्प थांबा. झालं की कळवतो."

मग दोघांच्याही ध्यानात आलं. कळवणार कोण?

तोडगा त्यांनीच काढला. "रोज सकाळी सव्वासहाला तुम्हाला मेसेज टाकतो. 'आहे' म्हणून. ज्या दिवशी आला नाही, त्या दिवसाची तिथी लिहून टाका. सरी?"

"सरी," मीही त्यांच्याच कन्नडात होकार दिला. मनात म्हटलं, काय ही वेळ आपल्यावर.

मग त्यांनी आपली डायरी माझ्यापुढे सरकवली. "आता तुमचा घरचा पत्ता लिहा."

"माझा कशाला?"

"येलहंकात एकट्याच राहता म्हणालात. तुमचं कोण कळवणार?"

विषय संपवायला मी हसून पत्ता लिहिला. माझी आई पुण्यात असते, आमचा फोन रविवारी होतो. चौतीस वर्षांच्या बाईला याहून जास्त कशाला लागतं, असं मला वाटायचं.

तेव्हापासून रोज तो एक शब्द येत होता. आहे. मी तो उघडायची, ऑफिसच्या यादीत अण्णांच्या नावापुढे 'संपर्क झाला' अशी नोंद करायची आणि दात घासायला जायची. उत्तर कधी दिलं नाही. अशा मेसेजला काय उत्तर द्यायचं असतं, हेच मला कळलं नव्हतं. काल तर तापात तो नुसता वरच्या वर दिसला आणि मी बोटानं बाजूला सारला.

साडेसहाला मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. सात वेळा लावल्यावर रविकिरण सरांना उठवलं.

"अरे देवा," ते म्हणाले. मग म्हणाले, "सुखदा, तिथी दहा वाजता बदलते बघ. नेमकी वेळ विचारून घे. नंतर घोळ नको."

"सर, ते असतील हो!"

"असतील, असतील. मी आपलं सांगून ठेवतो."

पायात चप्पल सरकवली आणि निघाले. हेब्बाळच्या उड्डाणपुलावर टॅक्सी अडकली. पुढे गाड्या, मागे गाड्या, समोरून येलहंकाकडे जाणाऱ्या बसेस मात्र भरभर सुटत होत्या. मला खाली उतरून पळावंसं वाटत होतं. रात्री नऊला ते माझ्याशी काय बोलणार होते? छातीत दुखत होतं का? पाणी हवं होतं का? मी फोन उघडून पुन्हा त्यांना लावला आणि मग, काय करतेय हे कळायच्या आत, पंचांग उघडलं. अष्टमी, दहा वाजून चार मिनिटांपर्यंत. मला माझी इतकी लाज वाटली की मी फोन उलटा करून मांडीखाली दाबला.

चामराजपेटेत पोचले तेव्हा सव्वाआठ झाले होते. अण्णांचं दार बंद होतं. ओढलं की आपोआप लागणारं कुलूप, त्यामुळे माणूस आत आहे की बाहेर, काही कळेना. बेल वाजवली, दार बडवलं. मग फोन लावला, आणि तो आत वाजायला लागला. दाराला कान लावून मी ती घंटी शेवटपर्यंत ऐकली.

समोर कल्लाप्पाची इस्त्रीची गाडी असते. तो नुकताच कोळसा पेटवत होता. अण्णांना सकाळपासून पाहिलं नाही म्हणाला, आणि माझं तोंड बघून गल्लीतल्या सुताराला बोलावून आला.

"फोडू का?" सुतारानं विचारलं.

"फोडा," मी म्हणाले.

कुलूप तुटायला दहा मिनिटं लागली. मी आधी आत शिरले. बिछान्याची घडी घातलेली. न्हाणीघर रिकामं. स्वयंपाकघरात मिऱ्याच्या साराचा वास कोंडला होता, ओट्यावर कुकर कोमट होता. फोन चार्जरला लावलेला, माझे बावीस मिस्ड कॉल घेऊन. अण्णा कुठेच नव्हते.

"बाहेर गेलेत," कल्लाप्पा म्हणाला. "डबा नाही जागेवर."

मी मटकन खुर्चीत बसले. समोर भिंतीवर कन्नड कॅलेंडर होतं. त्याच्या प्रत्येक तारखेत दोन बारीक खुणा होत्या, एक काळ्या शाईची, एक निळ्या. पहिल्या तारखेपासून रोज, अगदी बरोबरीनं. काळी त्यांच्या मेसेजची असणार. निळी कसली, ते कळेना. मी कालच्या चौकटीवर बोट ठेवलं. तिथे नुसती काळी होती. शेजारी पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'ऑफिसात विचारलं. सुखदाला ताप. फोन उचलत नाही.'

मेसेज उघडला की त्याच्याखालच्या खुणा निळ्या होतात. मी रोज उघडायची. तेच माझं उत्तर म्हणून हा म्हातारा रोज लिहून ठेवत होता, आणि काल मी मेसेज उघडलाच नव्हता. मी त्यांच्या मरणाची वाट बघत चौदा महिने काढले, आणि ते माझ्या जगण्याची नोंद ठेवत होते. मी तिथेच रडायला लागले. कल्लाप्पा बिचारा काय करणार, त्यानं माठातलं पाणी आणून दिलं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. आमच्या बिल्डिंगचा वॉचमन, आठच्या पाळीला येतो तो; मी निघाले तेव्हा तो नव्हता.

"मॅडम, आप कहाँ हो? एक अज्जा आये हैं, डब्बा लेके. आधा घंटा बेल बजाया. आप खोलती नहीं, तो बोलते हैं दरवाजा तोडो. सुनते ही नहीं!"

"तोडू नका! तोडो मत!" मी ओरडले. "फोन द्या त्यांना."

फोन हातातून हातात गेला. पलीकडे कुणीतरी मोठमोठ्यानं श्वास घेत होतं. तीन मजले चढून आलेला, दोन बस बदललेला, एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस. चौदा महिने मला 'तुम्ही' म्हणणारे अण्णा पहिल्यांदाच ते विसरले.

"सुखदा? आहेस का ग?"

तुटलेल्या कुलपाकडे बघत मी त्यांना पहिल्यांदा उत्तर दिलं.

"आहे, अण्णा. आहे."