डाव्या हाताचं बटण

हात जरा मागे घ्या, मग सांगतो. मी प्रेसचं डावं बटण बोलतोय. रंगानं हिरवा, तळहाताएवढा आणि स्वभावानं पक्का भित्रा.

मला एक जुळा भाऊ आहे, उजवं बटण. आम्हा दोघांना एकदम दाबलं तरच वरचा जड साचा खाली येतो आणि पत्रा कापतो. दोन्ही हात आमच्यावर असले की साच्याखाली जायला हातच उरत नाही. आमचा जन्म त्यासाठीच झालाय.

सुरुवातीची वर्षं मी पुण्यातल्या एका आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये होतो. तिथल्या निशा मॅडम नव्या मुलांसमोर पहिल्याच दिवशी साच्याखाली एक काकडी ठेवायच्या, मागे यायच्या आणि आम्हा दोघांना दाबायच्या. धाड! मग वर्गात कुणी कुजबुजायचं नाही. "मोकळा हात भटकतो," मॅडम म्हणायच्या, "म्हणून त्याला इथे कामाला लावा." नाजिमा नावाच्या एका मुलीचा घामेजलेला तळवा त्या दिवशी माझ्यावरून घसरला होता. मला ती तेव्हाच आवडली. घाबरणारी माणसं धडधाकट घरी जातात.

पुढे तिथे नवी मशिनं आली आणि आमची प्रेस लिलावात निघाली. कसबा पेठेतल्या सर्जेरावांनी ती घेतली. बोळाच्या टोकाला त्यांची शेड आहे. तिथे तांब्याच्या बाटल्यांची झाकणं बनतात. प्रेसवर बसला कोंडीराम, यवतमाळकडचा. हाताला विलक्षण चपळ. पण मजुरी झाकणांवर, त्यामुळे प्रत्येक वेळी दोन्ही हात मागे आणणं त्याला जिवावर यायचं.

एके दिवशी त्यानं लाकडाची एक पाचर तासली आणि माझ्या कडेच्या फटीत ठोकली. मी आत दाबला गेलो तो गेलोच. आता भावाला दाबलं की साचा खाली. माझं काम होतं 'थांब, डावा हात कुठाय?' असं विचारणं. माझं तोंडच बंद केलं.

तेव्हापासून मी रोज भीतीत जगलो. उजवा हात भावावर, डावा साच्याखाली पत्रा सरकवतोय. डावा बाहेर, साचा खाली. डावा आत, साचा वर. कोंडीराम मध्येच बाहेर बघायचा, फोन वाजला की मान वळवायचा, आणि माझा जीव टांगणीला लागायचा. सर्जेरावांना सगळं दिसत होतं. पण हेल्मेट कोपरात अडकवून गाडी चालवणाऱ्यांचं हे गाव. त्यांनी काय बोलावं?

मग शेडमध्ये झाकणं घासायला एक बाई आल्या. पहिल्याच दिवशी त्या माझ्यासमोर थबकल्या. ती नाजिमा होती!

"कोंडीरामभाऊ, ही पाचर काढा ना. मला बघवत नाही."

"आपला हात बसलाय ताई. डोळे मिटून करतो मी हे काम."

"तीच तर भीती वाटते."

तो हसला. मी मात्र तिच्या आवाजातला थरथराट ओळखला.

खंडेनवमी आली. मशिनं पुसली, झेंडू आले, नारळ आला. सर्जेराव म्हणाले, "नाजिमाबाई, ती पाचर काढून बटण नीट पुसा. पूजेला असलं बरं दिसत नाही." तिनं पाचर काढली आणि मी टुणकन बाहेर आलो. कितीतरी काळानं मोकळा झालो, तेही मशीन बंद असताना!

"शेठ, उद्या परत ठोकणार?"

"मग काय, वर्षभर मशीनला नैवेद्यच दाखवत बसू?"

"देवासमोर जी गोष्ट लपवावी लागते," नाजिमा हळूच म्हणाली, "ती चुकीची आहे हे तुम्हालाही ठाऊक आहे."

सर्जेरावांनी नारळ फोडला. पाचर फडताळावर गेली आणि प्रसाद वाटला गेला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कोंडीराम आला आणि सवयीनं बसला. पाचर काढलीय हे त्याच्या लक्षातच नव्हतं. त्यानं पत्रा सरकवला. पत्रा तिरका बसला. तो सरळ करायला डावा हात साच्याखाली खोल गेला, आणि उजव्यानं, बसलेल्या त्या उजव्या हातानं, भावाला दाबलं.

साचा हलला नाही.

कारण मी मोकळा होतो. मी विचारत होतो, डावा हात कुठाय?

कोंडीरामनं खाली पाहिलं. डावा हात साच्याखालीच होता, मनगटापर्यंत. त्यानं तो सावकाश बाहेर काढला आणि बोटं एकेक करून दुसऱ्या हातानं चाचपली. नाजिमानं घासणी खाली टाकली आणि तोंडावर पदर घेतला. "अरे, माल कधी निघणार?" सर्जेराव आतून ओरडले. कोंडीरामनं डावा तळवा माझ्यावर ठेवला. तो तळवा ओला होता.

त्याला आता काही महिने झाले. पण पाचर अजून फडताळावरच आहे. ती फेकायला कुणी धजत नाही. दिवाळीच्या घाईत सर्जेरावांची नजर दोनदा तिकडे गेली, आणि दोन्ही वेळा मी दचकलो.

म्हणून हात जोडून विनवतो, म्हणजे मला हात असते तर जोडले असते. कामापुरते तुमचे दोन्ही हात आमच्यापाशी ठेवा. संध्याकाळी घरी जाताना दोन्ही परत मिळतील.