घुमटाला पाडलेलं दार

घुमट बोलतोय मी. देवळावरचा नाही, मशिदीवरचाही नाही. माझ्यावर ना कळस होता ना चाँद. भोसरीत, एमआयडीसीच्या हद्दीला लागून एक शाळा आहे, तिच्या मैदानाच्या कोपऱ्यात मी होतो. लोखंडी पाइपांचे त्रिकोण एकमेकांना जोडून केलेला, आरपार दिसणारा सांगाडा. अंगावर पोरं चढावीत म्हणून जन्माला आलेला.

पण माझा पहिला जन्म कागदाचा, आणि तोही एका चुकीतून झालेला.

विजयश्रीबाई त्या शाळेत मानधनावर चित्रकला शिकवायच्या. पिंपळे गुरवहून बसने यायच्या. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात कात्र्या, खळीची बाटली आणि जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा. एका दिवशी सहावीच्या वर्गाला त्यांनी पत्रिकांमधून सारख्या बाजूंचे त्रिकोण कापायला सांगितले. असे सहा त्रिकोण एका टोकाभोवती बाजूला बाजू लावून गोल मांडले की रांगोळीतल्यासारखं सपाट फूल होतं. सगळ्या वर्गाची फुलं झाली. तनुजाचं होईना. तिचा सहावा त्रिकोण वाकडा कापला गेला होता आणि नवा कापायला पत्रिका उरली नव्हती.

ही तनुजा म्हणजे ज्योतीराम वेल्डरची मुलगी. धाराशिवकडून आलेलं कुटुंब, शाळेमागच्याच चाळीत भाड्याची खोली. गणितात ती ढ आहे हे तिला इतक्या वेळा सांगून झालं होतं की तिनं ते आडनावासारखं स्वीकारलं होतं. बाई रागावतील म्हणून तिनं काय केलं, उरलेल्या पाच त्रिकोणांनाच ओढून जवळ आणलं आणि फट झाकून खळ लावून टाकली. तर फूल जमिनीवरून उठलं. मधलं टोक वर आलं, टोपीसारखं.

"बाई, माझं फूल फुगलं," ती घाबरून म्हणाली. वर्ग खदखदून हसला.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी ते हातावर घेतलं, फिरवून पाहिलं आणि विचारलं, "का फुगलं असेल गं?"

तनुजानं खळीच्या जोडावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "एक कमी पडला. म्हणून बाकीच्यांना जवळ सरकावं लागलं. मग मधल्या टोकाला खाली जागाच राहिली नाही. ते वर गेलं."

"परत सांग," बाई म्हणाल्या, "सगळ्यांना ऐकू जाईल असं."

तो दिवस त्या मुलीचा होता. पुढे मग वर्गाला वेडच लागलं. रसवंतीवरून गोळा केलेल्या, धुतलेल्या नळ्या दोऱ्यात ओवून मुलं आकार बांधू लागली. चौकोन बांधले की ते कलून लोळायचे. त्रिकोण लोळत नसत. हे कुणी फळ्यावर लिहिलं नव्हतं, मुलांनी तळव्यानं दाबून दाबून शोधलं. नळ्यांचा गुडघाभर उंचीचा घुमट वर्गात उभा राहिला, तेव्हा भूमितीचे सर दारातून डोकावून म्हणाले, "बाई, भूमिती आमच्याकडे राहू द्या. तुम्ही मोर-हत्ती काढा." बाईंनी हसून मान डोलावली आणि पोरांना म्हणाल्या, "आता मोठा करायचा का? आत बसता येईल एवढा?"

मला लोखंडाचं अंग दिलं ते ज्योतीरामनं. त्याच्या वर्कशॉपच्या मालकानं कापून उरलेले कटपीस पाइप न्यायला परवानगी दिली. गुरुवारी एमआयडीसी बंद असते, तेव्हा तो शाळेत यायचा. प्रत्येक पाइपची टोकं ठोकून चपटी करायची, त्यांना भोक पाडायचं आणि पाच पाइप एका बोल्टमध्ये आवळायचे. कुठला पाइप कुठं, ते तनुजा नळ्यांच्या घुमटाकडं बघून सांगायची. बाप मध्येच पाना खाली ठेवून तिच्याकडं बघत राहायचा.

"तुला कसं काय कळायलंय गं हे?"

"दिसतंय ना पप्पा. इथं पाच यायचे. जमिनीवर पाय टेकले की तिथं चार."

"ही माझ्यापेक्षा भारी मिस्त्री व्हणार बगा बाई," तो म्हणाला होता. इतक्या अभिमानानं कुणी काही बोललेलं मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

मोठ्यांना वाटतं, मुलं डोक्यानं शिकतात. माझ्यावर ती गुडघ्यांनी शिकायची, काखेनं शिकायची, उलटी लोंबकळून शिकायची. सकाळी माझी सावली मैदानभर लांब पसरायची, तिच्या रेषा मुलं खडूनं गिरवायची आणि दुपारी त्याच सावलीचे आखूड, रुंद त्रिकोण जुन्यांवर काढायची. त्या जाळीत रंग भरले की असली नक्षी व्हायची की शिपाईसुद्धा झाडू बाजूला धरून जायचा. 'कोन' म्हटलं की ज्यांना रडू यायचं ती पोरं कोपर वाकवून माझे कोन मोजायची. तनुजाला तर मी पाठ होतो. कुठला बोल्ट ढिला झालाय हे ती डोळे मिटून, पाइपवर टिचकी मारून सांगायची.

मग माझं कौतुक सुरू झालं. तिथंच सगळं बिघडलं.

शाळेचे अध्यक्ष अर्जुनराव. भोसरीचे जुने जमीनवाले, शाळेची जागा त्यांचीच, मागची चाळही त्यांचीच. चाकणच्या कुठल्याशा कंपनीचे साहेब शाळा बघायला येणार होते, मदत देणार होते. अर्जुनराव आदल्या दिवशी तयारी बघत मैदानात आले आणि माझ्यासमोर उभे राहिले.

"फोटू ह्येच्या आत काढायचा," त्यांनी ठरवलं. "आत खुर्च्या मांडा. वर शाळेच्या नावाचं फ्लेक्स बांधा." मग ते माझ्या एका त्रिकोणातून आत शिरायला गेले. त्यांना पार कमरेत वाकावं लागलं. फेट्याला पाइप घासला. ते मागं सरकले. "अहो बाई, पाव्हन्यांनी असं रांगत जायचं व्हय? दार कुठाय ह्येला?"

"याला दार नसतं, साहेब," विजयश्रीबाई म्हणाल्या. "कुठूनही शिरता येतं. मुलांसाठी आहे ना."

"मग एक दार पाडून घ्या. ह्ये दोन पाइप कापले की झालं." त्यांनी ज्योतीरामला बोलावणं धाडलं.

तो चाळीतूनच आला, मागोमाग तनुजा. अर्जुनरावांनी बोट दाखवलेले दोन पाइप म्हणजे माझ्या एका सांध्याचे जमिनीवर टेकलेले दोन्ही पाय होते. बाईंनी शांतपणे सांगून पाहिलं, की ते काढले तर वरचा सांधा अधांतरी राहील, तीन त्रिकोण मोडतील. अर्जुनरावांनी घड्याळ पाहिलं.

तनुजा बापाच्या शर्टाला धरून म्हणाली, "पप्पा, नका ना कापू. खाली बसेल तो. खरंच बसेल."

ज्योतीरामनं माझ्याकडं पाहिलं. त्याला ते तिच्याइतकंच ठाऊक होतं. तो म्हणाला, "साहेब, कापतो, पर खालून एक टेकू दिऊ का? बारीकसा?"

"टेकू फोटूत यील की रं!" अर्जुनराव हसले. बरोबर आलेले हेडसरही हसले. "ज्योतीराम, पोरगी सांगती म्हणून आमी शाळा चालवायची का?"

त्यानं कटर सुरू केला. लोखंडाला दुखतं का, असं तुम्ही विचाराल. मला त्या ठिणग्यांचं काही वाटलं नाही. बाप कापत होता आणि मुलगी कान न झाकता समोर उभी होती, ते मला बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्यावर फ्लेक्स चढला, झेंडूच्या माळा चढल्या. पाहुणे नव्या दारातून डौलात आत आले आणि खुर्च्यांवर बसले. फोटोवाला म्हणाला, वर चार मुलं बसवा, छान दिसेल. मुलं चढली. मी जीव खाऊन धरून ठेवलं, पण ज्याचे दोन्ही पाय गेलेत त्या सांध्यानं धरायचं कशाला? बोल्ट करकरले. पहिल्यांदा ते तनुजाला ऐकू आलं. ती रांगेत उभी होती. रांग मोडून ती धावली आणि ओरडली, "उतरा! उड्या मारा!"

मुलांनी उड्या मारल्या. त्यानंतर मी एका बाजूनं खाली बसलो. फ्लेक्स पाहुण्यांच्या डोक्यावर आला, एक पाइप एका साहेबांच्या खांद्याला घासला आणि त्यांचा कोट फाटला. मुलांपैकी कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण गाड्या निघून गेल्या आणि मैदानात उरला तो फाटलेला कोट. म्हणजे त्याचीच चर्चा. त्या मुलीनं ओरडून गोंधळ माजवला, असं हेडसर म्हणाले.

अर्जुनरावांनी तिथंच, माझ्यासमोर, ज्योतीरामला उभं केलं. बाई होत्या, शिक्षक होते, आणि तनुजाला घरी पाठवायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

"खरं सांग ज्योतीराम. कापल्यानं पडलं, का मुळात कामच कच्चं व्हतं?"

प्रश्नातच उत्तर बांधून दिलेलं होतं. ज्योतीरामनं वर पाहिलं नाही. त्याच्या पाठीमागं चाळ होती, चाळीत त्याची खोली होती.

"भाऊ," विजयश्रीबाई हळूच म्हणाल्या, "तुम्हाला माहीत आहे."

तो म्हणाला, "मुळातच कच्चं हुतं, साहेब. बाईंनी सांगितलं तसं म्या केलं."

 तनुजा बापाकडं बघत होती, मग बाईंकडं, मग पुन्हा बापाकडं. थोड्या वेळानं तिनं बघणंच सोडून दिलं. रागानं नव्हे. बेरीज झाल्यावर हातचा खोडून टाकतात ना, तसं.

पुढच्या जूनमध्ये बाई नव्हत्या. त्यांच्या जागी कुणीच आलं नाही. चित्रकलेच्या तासाला आता शिष्यवृत्ती परीक्षेच्या प्रश्नपत्रिका सोडवून घेतात.

मला सोडवायलाही ज्योतीरामच आला, एका गुरुवारी.  माझ्या टोकाकडचे बोल्ट गंजून धरले होते, ते त्यानं तसेच ठेवले. बाकीचे पाइप सोडवून त्यांचा एक स्टँड केला. तो स्टँड हल्ली शाळेच्या फाटकाशी असतो. त्याच्यावर प्रवेशाची जाहिरात लावलेली आहे: 'कृतीतून शिक्षण'. खाली माझाच फोटो, दार पाडण्याआधीचा. वर चढलेली पोरं, कडेला तनुजा, तोंडभर हसणारी.

आणि उरलेला मी, म्हणजे माझं वरचं टोक, मुतारीच्या मागं भिंतीला टेकून पडलोय. पावसाळे झाले, गंज पोटात गेलाय. इथून आठवीच्या वर्गाची खिडकी दिसते. तनुजा तिथं बसते. ढ म्हणायची तिला आता सोय नाही. तिचा नंबर येतो.

परवाच भूमितीच्या सरांनी विचारलं, "त्रिकोणाची व्याख्या?" तिनं उभं राहून पुस्तकातली व्याख्या स्वल्पविरामासकट म्हणून दाखवली. सर खूश झाले. मग आकृती काढताना त्यांची एक रेघ चुकली. ती तिला दिसली, हे मी खात्रीनं सांगतो. तिचे डोळे क्षणभर फळ्यावर थांबले. मग तिनं मान खाली घातली आणि चुकीची आकृती जशीच्या तशी, पट्टीनं, अगदी सुबक उतरवून घेतली.

मधल्या सुट्टीत पहिलीतली एक चिमुरडी माझ्यापाशी आली. माझ्या गंजक्या त्रिकोणातून हात घालून तिनं पलीकडून बाहेर काढला आणि स्वतःशीच हसली. तनुजा नळावर बाटली भरत होती.

"ताई, हे काय ए?"

"भंगार आहे," तनुजा म्हणाली. "हात नको लावू. ओरडतात."

ती बाटलीचं झाकण लावून निघून गेली. चिमुरडीनं हात काढून घेतला.

आता भंगारवाल्याचीच वाट बघायची. मी जाईन, वितळेन, कशाचा तरी काही होईन, लोखंडाला त्याची फिकीर नसते. तुमच्याकडं मागणं मागावं अशी माझी जागा नाही, तरी जाता जाता मागतो. एखादं लेकरू तुम्हाला म्हणालं, "असं केलं तर पडेल," तर हवं तर ऐकू नका. मोठे आहात, तेवढा हक्क तुम्ही घेतलेलाच आहे. दार पाडा, फोटो काढा, पडू द्या. फक्त पडून झाल्यावर, ते लेकरू समोर उभं असताना, त्याच्या बापाला काही विचारू नका.