मामाजींचे वरचे दात

मामाजींची सकाळ मला निळ्या रंगात आठवते. स्पिरिटच्या दिव्यावर धरलेली काचेची नळी, तिच्यात निळे द्रावण, त्यात त्यांच्या लघवीचे आठ थेंब; आणि ऊब लागताच तो निळा रंग हिरव्यातून पिवळ्यात, पिवळ्यातून विटकरीत उतरत जाई. विटकरी म्हणजे साखर फार. घरात मॅट्रिक झालेली मी एकटी, म्हणून लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात हे काम माझ्याकडे आले. किळस येण्याआधी मला कुतूहलच वाटले.

मामाजी म्हणजे माझे सासरे. अकोल्याच्या एका बँडमध्ये ते क्लॅरिनेट वाजवत. लग्नसराईच्या उन्हात रापलेला चेहरा, वाद्य हाती नसतानाही गुडघ्यावर चालणारी बोटे, आणि साधे बोलण्याआधीही घेतलेला दीर्घ श्वास. क्लॅरिनेटचे तोंड वरच्या दातांना टेकते आणि नेमके तेच दात हलू लागले होते; हिरड्या सुजून त्यांतून पू येई. दात गेले तर वाजवणे गेले, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. जठारपेठेतल्या डॉक्टरांनी दात खरवडून साफ केले, साखर वाढली की हिरड्या लवकर भरत नाहीत म्हणून पथ्य बजावले आणि पू थांबायला दिवसातून चारदा घ्यायच्या पिवळ्या गोळ्या लिहून दिल्या.

पथ्याने नळीतला रंग हिरवटावर आला. मला वाटले, जिंकलो. पण आठ दिवसांनीही हिरड्या तशाच, आणि पुढचा एक दात तर जीभ लागताच डुलू लागला. आम्ही पुन्हा गेलो. डॉक्टर बुचकळ्यात पडले. त्यांनी गोळीच्या वेळा विचारल्या, पथ्य विचारले, आणि शेवटी गोळी कशासोबत देता, असे मला विचारले.

"दुधासंग," मी म्हटले. "गोळी गरम पडते ना."

आमच्याकडे कोणतेही कडक औषध उष्ण समजून दुधासोबतच देत. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. दूध या औषधाला धरून ठेवते, रक्तात उतरूच देत नाही, असे त्यांनी समजावले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मामाजी मात्र शांतपणे म्हणाले, "सूनबाईले काही म्हनू नका, साहेब. मीच दूध मांगत होतो."

त्यांनी एकदाही मागितले नव्हते.

नव्या गोळ्या पाण्यासोबत दिल्या. महिन्याभरात हिरड्या आवळल्या, बाकीचे दात स्थिरावले. तो एक मात्र राहिला नाही. वैशाखात ते शेजारच्या दातावर वाद्य टेकवून पुन्हा वाजवायला उभे राहिले. वरच्या सुरात किंचित हवा निसटे. वरातीत ते कोणाला कळत नसे, मला कळे.

पुढे कितीतरी वर्षांनी, ते गेल्यावर, तेरवीच्या स्वयंपाकात सासूबाई सहज बोलून गेल्या, "त्याहीले दुधाचा वासई सहन होत नव्हता."

आठ दिवस, दिवसातून चारदा, ते माझ्या हातचे दूध निमूट प्यायले होते. काळाने ही गोष्ट माझ्यापर्यंत पोचवली ती त्यांच्या पश्चात. विचारायला जावे तर माणूस नाही, आणि आठवायला बसावे तर दर वेळी पेला माझ्याच हातात असतो.