एकशेएकोणतीस जास्तीचे सील

मी एक जुना, मुठीत मावणारा, स्टीलचा काउंटर आहे. आधीच सांगून टाकतो मित्रांनो, मी स्वभावाने जळका आहे. नंतर कुणी म्हणायला नको की सांगितलं नाहीस.

माझ्या तोंडावर चार आकड्यांची खिडकी आहे. वरचं बटण अंगठ्याने दाबलं की 'टिच्च' असा आवाज होतो आणि आकडा एकाने पुढे सरकतो. बाजूची चकती फिरवली की चारी शून्यं परत येतात. मागे बोट अडकवायला एक कडी आहे. एवढाच माझा संसार.

माझे पहिले मालक विश्वनाथराव. ते पुण्यात बांधकाम खात्यात होते. कोणत्या रस्त्यावरून दिवसाकाठी किती वाहनं जातात, हे मोजायचं त्यांचं काम. शिरवळजवळ एका लिंबाखाली खुर्ची टाकून ते बसत आणि मी त्यांच्या मुठीत. ट्रक गेला, टिच्च. एसटी गेली, टिच्च. संध्याकाळपर्यंत माझ्या अंगावर बोटभर धूळ. पण विश्वनाथराव घरी आल्यावर मला आधी रुमालाने पुसत, मग स्वतःचं तोंड धूत. आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी बसून पुन्हा सगळं मोजत. साहेब हसले तरी म्हणत, "एकदा मोजलेलं म्हणजे अंदाज. दोनदा मोजलेलं म्हणजे आकडा."

त्या घरात मला सगळं मिळालं, पण देवघरातली ती तुळशीची माळ माझ्या डोळ्यांत सलायची. विश्वनाथरावांच्या पत्नी सुमेधाताई रोज पहाटे तिच्यावर नाम घेत. तिला राहायला मखमलीची गोमुखी. शेजारी उदबत्ती, समोर देव. आणि मी दाराजवळच्या खुंटीवर, छत्रीच्या शेजारी! बरं, त्या माळेला मोजता तरी येतं का? एकशेआठ झाले की बाईसाहेब पुन्हा पहिल्या मण्यावर. मी नऊ हजार नऊशे नव्याण्णवपर्यंत जातो. एकदा विश्वनाथराव गमतीने म्हणाले, "अगं, जपाला हा घे की." तर सुमेधाताई म्हणतात कशा, "यंत्रावर जप? उद्या प्रदक्षिणाही स्कूटरवरून घालायला सांगाल!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मग त्यांची मुलगी दमयंती समुद्रातल्या प्राण्यांचा अभ्यास करायला जपानला निघाली. तिथला मोठा भूकंप होऊन तीन वर्षं झाली होती, तरी सुमेधाताईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. विश्वनाथरावांनी मात्र मला रुमालात गुंडाळून दमयंतीच्या हातात दिलं. "तिकडे काय मोजायचं असेल ते दोनदा मोज," एवढंच म्हणाले.

तिला मोजायचे होते सील. जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाच्या दक्षिणेला एरिमो नावाचं भूशिर आहे. डोंगररांग तिथे समुद्रात उतरते आणि पाण्यातून खडकांची ओळ दूरवर निघून जाते. त्या खडकांवर सील येऊन पडतात. दमयंती दर जुलैमध्ये तिथे जायची, ओहोटीला, तोच रस्ता चालून दीपगृहापाशी उभी राहायची आणि मोजायची. एक डोळा दुर्बिणीला, एक अंगठा माझ्यावर. सहा वर्षं मीच तिचा उजवा हात होतो. बाकी वर्षभर ती टोकियोतल्या विद्यापीठात आणि मी जवळच्याच इचिकावातल्या तिच्या घरात टेबलावर, तिच्या चष्म्याशेजारी. काय दिवस होते ते!

सातव्या वर्षी ड्रोन आला. दमयंतीची लेक मैत्रेयी त्याला तोंबो म्हणायची, म्हणजे जपानीत चतुर, तो पंखवाला किडा. त्याला काळी पेटी. पेटीत त्याच्या अंगाच्या मापाने कापलेली मऊ गादी. प्रत्येक पंखाला वेगळी झोपायची जागा! तो वर जाई, चार फोटो काढी, खाली येई, आणि दमयंती घरी आरामात बसून फोटोतले सील मोजी. मी खणात गेलो. जुने चार्जर, सुट्ट्या किल्ल्या, दुकानातून आलेल्या न वापरलेल्या चॉपस्टिक्स, आणि मी. चार वर्षं. मित्रांनो, तुम्ही शेजाऱ्याच्या सायकलवर जळला असाल, मोठ्या भावाच्या मोबाइलवर जळला असाल. पण खणाच्या फटीतून त्या पेटीची चकचकीत कडी रोज बघत राहणं काय असतं, ते मला विचारा.

त्या चार वर्षांतच पुण्यात विश्वनाथराव गेले. पुढच्या उन्हाळ्यात सुमेधाताई लेकीकडे आल्या. त्यांनी संकल्प सोडला होता, वर्षश्राद्धाच्या आत सव्वा लाख नाम घ्यायचं. आणि निघायच्या गडबडीत माळ देवघरातच राहिली! विमानतळावरून घरी येईपर्यंत त्या हळहळत होत्या. मी खणात ऐकत होतो. खोटं कशाला बोलू, मला उकळ्या फुटत होत्या.

दोन दिवसांनी त्यांना खणात मी सापडलो. त्यांनी मला ओळखलं. बराच वेळ हातात धरून बसल्या. मग पदराने पुसलं आणि हळूच म्हणाल्या, "चल बाबा. आता तूच." तेव्हापासून मी त्यांच्या मुठीत. एक नाम, एक टिच्च. रात्री आकडा वहीत लिहायचा आणि मला शून्यावर आणायचं. भांडी घासताना, लिफ्टमध्ये, स्टेशनवर गाडीची वाट बघताना, कुठेही त्यांचा अंगठा चालू असे. शेवटी शेवटी त्यांना अंगठा हलतोय हे कळतही नसे. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

जुलै आला. जावई चंद्रहासना रजा नव्हती, म्हणून दमयंती, मैत्रेयी आणि सुमेधाताई अशा तिघीच एरिमोला निघाल्या. तोंबो त्याच्या पेटीत, मी सुमेधाताईंच्या स्वेटरच्या खिशात.

यंदाची मोजणी साधी नव्हती. तिथल्या मच्छीमारांचं म्हणणं होतं की सील फार वाढलेत, जाळ्यातले मासे अर्धे खाऊन ठेवतात, काही मारून कमी करा. संध्याकाळी गावात बैठक होती आणि दमयंतीने तिथे या वर्षीचा आकडा सांगायचा होता. तिच्याबरोबर गावातले ओनोदेरा-सान होते, सान म्हणजे आपल्याकडचं 'राव'. सत्तरीचे, जन्मभर मासेमारी केलेले, बोलायला कमी. त्यांची स्वतःची जाळी सीलांनी फाडली होती, पण त्यांचं एकच म्हणणं होतं, आकडा खरा पाहिजे.

गाडी लावली तिथून दीपगृह जेमतेम दहा मिनिटांवर. दोन्ही बाजूंना गुडघाभर गवत, मधून पायवाट, आणि वारा असा की सुमेधाताईंनी स्वेटरवरून पदर घट्ट खोचला आणि नातीचा हात धरला. दीपगृह पांढरं, बुटकं. सुमेधाताईंना वाटलं होतं उंच मनोरा असेल. "एवढंसंच?" म्हणाल्या. पुढे कठड्याशी गेल्या, दमयंतीने दुर्बीण लावून दिली, आणि त्या ओरडल्याच, "अगंबाई! हे तर पंगत उठल्यावर लवंडलेले पाहुणे!" खरंच, खडकाखडकावर ती ठिपकेदार गुबगुबीत शरीरं पोटं वर करून पडली होती. जगात कशाची घाई नाही.

तोंबोला पेटीतून काढलं. ओनोदेरा-साननी वाऱ्याकडे बघून मान हलवली. तरी दमयंतीने पाहिलं करून. तो हातभर उडाला आणि गवतात तोंडावर आपटला. अहाहा! चार वर्षांचं उट्टं एका आपटीत निघालं. दमयंतीने कॅमेऱ्याने फोटो काढून पाहिले, तेही सगळे हललेले.

"आई, बाबांचा काउंटर आणलायस ना?"

सुमेधाताईंनी मला खिशातून काढलं. आधी वहीत आपला आकडा लिहिला, मग मला शून्यावर आणलं. दुर्बीण वाऱ्याने थरथरत होती, ती धरायलाच दमयंतीचे दोन्ही हात लागत होते. म्हणून ती म्हणाली, "मी सील दिसला की 'हं' म्हणते. तू फक्त दाब."

"एवढंच ना? दाबते."

हं, टिच्च. हं, टिच्च. किती वर्षांनी! पण पन्नास-साठ झाल्यावर दमयंती पुढच्या खडकाकडे वळायला थांबली, आणि त्या थांबलेल्या वेळात माझ्यावर टिच्च झालं. पुन्हा टिच्च. सुमेधाताईंच्या ओठांत नाम चालू होतं आणि अंगठा सवयीने त्याच्यामागे चालला होता. त्यांना पत्ता नव्हता. दमयंतीला वाऱ्यात ऐकू येत नव्हतं. कळत होतं ते फक्त मला.

मित्रांनो, आता कबूल करतो. मी अडकून बसू शकलो असतो. खाऱ्या हवेने माझं बटण आधीच जड झालं होतं, जरा आखडलो असतो तर सगळ्यांच्या लक्षात आलं असतं. पण मी आखडलो नाही. मागच्या वर्षी तोंबोने दोनशेशहाण्णव मोजले होते. माझा आकडा त्याच्यापुढे निघाला की बघा म्हणावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी तेल घातल्यासारखा पळत सुटलो.

चारशेएकतीस!

"चारशेएकतीस?" दमयंतीने मला हिसकावूनच घेतलं. "आई, दहा वर्षांत एवढे कधीच नव्हते!" तिचे डोळे चमकत होते. ओनोदेरा-साननी आकडा पाहिला, खडकांकडे पाहिलं, आणि जपानीत काहीतरी म्हणाले. मैत्रेयीने आजीला सांगितलं, "आजी, ओनोदेरा-सान म्हणतात, एवढे असतील तर आज मीटिंगमध्ये नक्की ठरणार. शंभर तरी मारणार."

माझ्या आतली चाकं गार पडली. शंभर. म्हणजे माझ्या खोट्या टिच्चांएवढे खरे.

सुमेधाताई दीपगृहाच्या आडोशाला जाऊन बसल्या. पुन्हा नाम घ्यायला त्यांनी सवयीने अंगठा उचलला. हात रिकामा होता, तरी अंगठा खाली जात होता. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या, आणि मोजताना काय झालं ते त्यांच्या लक्षात आलं. लेकीचा आनंद समोर दिसत होता. दहा वर्षांचं काम, परका देश, परके लोक, आणि त्यात आपण केलेला घोळ. गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळलं असतं? मी तरी कुठे बोलणार होतो!

"दमू," त्या उठून म्हणाल्या, "चुकलं गं माझं. मी मधे नाम घेत होते. ती पण दाबली गेली त्याच्यावर."

"म्हणजे? किती?"

"ते कसं सांगू?"

"आई! एक, फक्त एक काम सांगितलं होतं तुला!" दमयंती वाऱ्यापेक्षा मोठ्याने ओरडली. "पाणी चढतंय आता! दिसतंय का तुला?"

सुमेधाताई पदराचं टोक मुठीत धरून उभ्या राहिल्या. मग मैत्रेयी पुढे आली, आईच्या हातातून मला घेतलं आणि माझी चकती फिरवली. चारी शून्यं. "मो इक्काई, मम्मा," ती म्हणाली. पुन्हा एकदा. आणि मग मराठीत, "आजोबा पण दोनदा मोजायचे ना?"

दमयंतीने एकदा आईकडे पाहिलं आणि दुर्बिणीला डोळा लावला. ओनोदेरा-साननी घड्याळ दाखवून पंधरा बोटं केली, आधी दहा, मग पाच. पंधरा मिनिटांत खालचे खडक बुडणार होते. सुमेधाताईंनी दोन्ही हात स्वेटरच्या बाह्यांत खुपसले आणि चार पावलं मागे सरकल्या.

हं, टिच्च. हं, टिच्च. छोटा अंगठा, पण पक्का. मी त्या पंधरा मिनिटांत तोंबोला विसरलो. अर्ध्यात बटण जड झालं, तेव्हा मी सगळा जोर लावला, पण एकही जास्त नाही आणि एकही कमी नाही. शेवटचा सील पाण्यात सरकायच्या आत मोजून झाला.

तीनशेदोन.

ओनोदेरा-साननी तो आकडा पाहिला, मैत्रेयीकडून झालेला घोळ ऐकला, मग सुमेधाताईंसमोर जाऊन कमरेतून खूप खाली वाकले. त्यांना काय करावं सुचेना, त्यांनी घाईघाईने नमस्कार केला. संध्याकाळी बैठकीत दमयंतीने तोच आकडा सांगितला. भांडाभांडी झाली, पण सील मारायचं त्या वर्षी ठरलं नाही. जाळी बदलून पाहायचं ठरलं.

परत पायवाटेने येताना दमयंती आईचा हात धरून चालत होती. "ओरडले मी," ती म्हणाली. "बाबांसारखीच आहेस," सुमेधाताई म्हणाल्या, "आकड्याला धक्का लागला की घर डोक्यावर." मग दोघी हसल्या. मैत्रेयीने तोवर वजाबाकी केली होती. "आजी, एकशेएकोणतीस तुझे! वहीत लिही ना."

"नको गं. ते त्या सीलांकडे बघत म्हटलेले. त्यांचेच ते."

"मग हा घे," म्हणून तिने मला पुढे केलं. सुमेधाताईंनी मला घेतलं नाही. माझ्यावरून एक बोट फिरवलं. "राहू दे तुझ्याकडे. ह्याने माझा अंगठाच पळवला. उरलेलं मी न मोजता घेईन."

न मोजता! मित्रांनो, माळेवर जळता येतं, ड्रोनवर जळता येतं. पण रिकाम्या अंगठ्यावर कसं जळायचं? तेही मी शिकलो. पुण्यात वर्षश्राद्ध झालं त्या दिवशी व्हिडिओ कॉल होता. मी मैत्रेयीच्या दप्तराला लटकलेला. दमयंतीने विचारलं, "आई, सव्वा लाख झाले का?" सुमेधाताईंच्या मागे देवघरात ती माळ दिसत होती, गोमुखीत, बंद. तीही बेकार! "कोण जाणे," सुमेधाताई म्हणाल्या, "पण तुझे बाबा आता दोनदा मोज म्हणत नाहीत."

आता दर जुलैमध्ये वारा पडला तर तोंबो उडतो, आणि मैत्रेयी हट्टाने मलाही दाबते. दोन आकडे शेजारी शेजारी लिहितात. परवा तिने माझ्या बटणाला तेलाचा थेंब सोडला. तोंबोच्या पंखालाही सोडला, ते मी पाहिलं.

तर मित्रांनो, तुमच्या घरातही खणात, माळ्यावर, पलंगाखाली कुणी जुनंपानं पडलं असेल. त्याला बाहेर काढा, पुसा, हातात घ्या, कामाला लावा. फार जीव असतो आमच्यात. पण आमचा आकडा एकदम खरा धरू नका. आम्ही जळके असतो, आणि आमच्या जळण्याची किंमत तिसऱ्याच कुणाला भरावी लागते. दोनदा मोजा. पहिल्यांदा मी खोटं बोललो तरी, दुसऱ्यांदा मला खरं बोलायची संधी मिळेल.