अण्णनच्या थोबाडीत

डॉक्टर तिरुनावुक्करसू हे नाव लंडनजवळच्या क्रॉयडनच्या हॉस्पिटलात कुणालाच धड उच्चारता यायचं नाही. पुण्यात मेडिकलला असतानाच मुलांनी त्याचं 'अरसू' करून टाकलं होतं. मदुराईचा हा मुलगा हॉस्टेलच्या मेसमध्ये मराठी शिकला, सुप्रभाच्या प्रेमात पडला, आणि लग्नाला नाही म्हणणाऱ्या तिच्या वडिलांना त्यानं अस्खलित मराठीत पटवलं. स्वभावानं म्हणाल तर गाय. लहान मुलांचा डॉक्टर होता. सुई टोचून झाली तरी पोराला पत्ता नसायचा. इतक्या वर्षांच्या संसारात सुप्रभानं त्याचा चढलेला आवाज ऐकला नव्हता.

त्याला एकच वेड होतं. कदिरवेल. मद्रासचा हा नट पडद्यावर आला की लंडनमधली तमिळ माणसं त्याला 'अण्णन', म्हणजे थोरला भाऊ म्हणून हाका मारायची. रविवारी सकाळी ईलिंगमधलं एक थिएटर भाड्यानं घेऊन त्याचे पिक्चर लावायची. त्या फॅन मंडळाचा अध्यक्ष अरसू. सुप्रभा कधी जात नसे. तिच्या मते सगळे पिक्चर एकच होते: अण्णन गरीब, अण्णन चिडला, अण्णननं सगळ्यांना बडवलं, संपला पिक्चर.

"ह्या खेपेला चल," १९९१च्या मार्चमध्ये अरसू म्हणाला. "डायरेक्टर नवा आहे. काहीतरी वेगळं केलंय म्हणतात. तुला आवडेल."

थिएटरात शिरल्याबरोबर तिला पहिला धक्का बसला. हॉस्पिटलमधले अकाउंटंट, फार्मसिस्ट, कन्सल्टंट अशी ओळखीची सभ्य माणसं पिशव्या भरभरून फाडलेले कागद घेऊन बसली होती. अण्णनची एन्ट्री झाली की ते उधळायचे असतात म्हणे. अरसूच्या मांडीवरही एक पिशवी होती.

पण एन्ट्री झालीच नाही. नदी दिसली, पाठमोरा एक नावाडी होडी ओढत होता. तो पैलतीराला लागला, वळला, तेव्हा कुठे लोकांना कळलं की हाच अण्णन. तोवर दुसरा प्रसंग सुरू झाला होता. कागद हातातच राहिले.

सुप्रभाला तमिळ दोन-चार शब्दांपलीकडे येत नव्हतं, पण अडलं नाही. पुरात होडी उलटते, काही माणसं बुडतात, बाकीच्यांना नावाडी वाचवतो, तरी आळ येतो त्याच्यावरच. कदिरवेल जवळजवळ बोलतच नव्हता. नुसता बसायचा, ओली दोरी पिळायचा, आणि तिची नजर पडद्यावरून हलत नसे. हा माणूस इतका मोठा नट आहे आणि आपण त्याला हसत होतो, असं वाटून ती ओशाळली.

शेवटी घाटावर इन्स्पेक्टर येतो आणि सगळ्या गावादेखत, नावाड्याच्या लहान मुलीदेखत त्याच्या थोबाडीत मारतो. नावाडी हात उचलत नाही. मान खाली घालतो, वल्हं उचलतो आणि होडीकडे चालू लागतो.

मग जो गलका उठला तो ऐकून सुप्रभा दचकली. माणसं खुर्च्यांवर चढली. "मार! उलटा मार त्याला!" असं काहीसं सगळे तमिळमध्ये किंचाळत होते. आणि तिच्या शेजारी, मानेच्या शिरा ताणून, तिचा नवरा ओरडत होता. त्यानं वाकून पायातला बूट काढला आणि पडद्यावरच्या इन्स्पेक्टरला फेकून मारला. पडदा टरकन फाटला.

दिवे लागले. मॅनेजर धावत आला, पोलिसांना बोलावीन म्हणाला. मंडळानं भरपाई कबूल केली तेव्हा तो शांत झाला. बूट काही परत मिळाला नाही. ट्रेनमध्ये अरसू एका पायात बूट, एका पायात मोजा अशा अवतारात बसला होता. समोरची इंग्रज बाई खिडकीबाहेर बघण्याचा शर्थीचा प्रयत्न करत होती.

"अरसू, अरे, तो पिक्चर आहे."

"माहीत आहे मला," तो म्हणाला, आणि मोज्यातला पाय सीटखाली सरकवला.

पुढच्या रविवारी तोच पिक्चर पुन्हा लागणार होता. शनिवारी मंडळाची माणसं घरी जमली. सुप्रभा चहा घेऊन गेली तेव्हा अरसू शांतपणे इंग्रजीत सांगत होता, "शेवटचं रीळ लावायचंच नाही. पूर ओसरला, माणसं वाचली, तिथेच दिवे लावायचे."

"तुम्हाला वेड लागलंय का?" तिच्या तोंडून निघून गेलं. "तेच तर सगळ्यात चांगलं आहे त्यात!"

"सडलेला भाग कापावा लागतो, सुप्रभा. बाकीचा देह वाचतो."

आणि खरंच तसंच झालं. रीळ डब्यात राहिलं, लोक खूश होऊन घरी गेले, कागदही म्हणे पुराच्या प्रसंगाला उधळले गेले. सुप्रभानं त्या विषयावर बोलणं टाकलं. पण आपल्या घरात राहणाऱ्या माणसाची आपल्याला नीटशी ओळख नाही, ही शंका तिच्या मनातून जाईना.

दोन वर्षांनी कदिरवेल स्टेज शोसाठी लंडनला आला आणि अध्यक्षांच्या घरी जेवायला आला. पडद्यावरचा धिप्पाड अण्णन प्रत्यक्षात बारीक चणीचा, चष्मा लावणारा, पोट सांभाळून जेवणारा गृहस्थ निघाला. त्यानं सुप्रभाची आमटी मागून घेतली. तिला राहवलं नाही.

"अरसू, त्यांना सांग, नावाड्याचं काम त्यांचं सगळ्यात उत्तम होतं. विशेषतः शेवट."

अरसूनं मान खाली घातली, पण तमिळमध्ये सांगितलं. कदिरवेलचा घास हातात राहिला. मग तो हळूहळू बोलू लागला आणि अरसू एकेक वाक्य मराठीत आणू लागला.

"ते म्हणतात, मलाही तेच वाटतं... पण गावोगाव थिएटरं फोडली... तंजावरला एका फॅननं विष घेतलं. वाचला तो. पण हे त्याला बघायला गेले, तर तो यांचे पाय धरून म्हणाला, अण्णा, तुम्ही मार खाल्लात तर आम्ही कुठे जायचं?" अरसूनं पाण्याचा घोट घेतला. "मग यांनी नवा शेवट शूट केला. त्यात ते इन्स्पेक्टरला मारतात. जुना भाग निगेटिव्हमधूनच कापून टाकला. आता प्रत्येक डायरेक्टरला आधीच सांगतात, मला मरण नको, मार नको. तेव्हापासून एकच माणूस पुन्हा पुन्हा करतोय, म्हणतात. कंटाळा आलाय."

ती चपराक आता जगात कुठल्याच पडद्यावर पडणार नव्हती.

तेवढ्यात अरसू स्वतःच बोलायला लागला. तमिळमध्ये. आधी अडखळत, मग भराभरा. बूट काढल्याची खूण त्यानं केली, कात्रीची केली, मग काहीतरी खूप जुनं सांगू लागला. कदिरवेलनं ताट बाजूला सारलं. त्याचे डोळे भरून आले.

"काय म्हणतोय हा?" सुप्रभानं कदिरवेललाच इंग्रजीत विचारलं.

मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यानं सांगितलं, "तुमचे सासरे... मदुराई बसस्टँड, चहाची गाडी. पोलिसानं थोबाडीत मारली. सगळ्यांसमोर. हा लहान, शेजारी उभा. वडिलांनी हात जोडले. त्याच आठवड्यात यानं माझा पहिला पिक्चर बघितला. मी त्यात पोलिसाला मारतो."

सासरे सुप्रभानं पाहिलेले होते. दर पत्रात 'सूनबाईंना आशीर्वाद' कळवणारे हसरे म्हातारे. त्यांची ही गोष्ट तिला तिच्याच टेबलावर एका सिनेनटानं परक्या भाषेत सांगावी!

कदिरवेल उठला, अरसूच्या खांद्यावर हात ठेवून काही म्हणाला आणि हात धुवायला गेला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तुझ्या वडिलांनी हात जोडले म्हणून तू डॉक्टर झालास. उलट हात उचलला असता तर गाडी गेली असती, तुझं शिक्षण गेलं असतं. नावाडी करताना अशीच माणसं माझ्या डोळ्यांपुढे होती." अरसूनं तोंड पुसलं. "आणि मी इन्स्पेक्टरला नाही, वडिलांनाच बूट मारला, सुप्रभा."

दुसऱ्या दिवशीच्या शोला तो गेला, टाळ्याही वाजवल्या. अध्यक्षपद त्यानं उन्हाळ्यात सोडलं. ड्यूटी फार असते, असं मंडळाला सांगितलं. नवे पिक्चर येत राहिले. अण्णन मारत राहिला, लोक कागद उधळत राहिले. अरसू कधी जायचा, कधी मध्यंतरातच उठून यायचा. आणि एका दुपारी, तिनं काही न विचारताच, त्यानं सुप्रभाला समोर बसवलं आणि बसस्टँडवरची ती सकाळ पहिल्यापासून, मराठीत, सांगायला सुरुवात केली.